हवेचा त्रास

ही गोष्ट माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला ठाऊक नाही, ऑफिसात तर प्रश्नच नाही, आणि जिला सांगायला हवी होती ती माझी वैनी आता नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही — ते बरंच आहे. ओळखीच्या माणसापुढे मी लगेच विषय बदलतो, चहा मागवतो, हायवेच्या खड्ड्यांवर येतो. तेवढं मला झकास जमतं.

कुठून सुरुवात करू? सरळ मुद्द्यावर यायला हवं, पण येववत नाही. जरा इकडून तिकडून येतो. कंटाळू नका. कंटाळलात तरी आता मी थांबणार नाही म्हणा.

मी हवा मोजतो. हसलात ना? महाडातही हसतात — ‘काय हो, किलोवर मोजता की लिटरवर?’ हसू द्या. कारखान्यांची वसाहत, हायवे, बाजार, यांच्या हवेत काय काय मिसळलंय ते यंत्रं लावून बघायचं. आणि सरकारनं घालून दिलेल्या मर्यादेत, म्हणजे मानकात, ती हवा कशी बसवायची याचा सगळ्या टापूसाठी एक आराखडा करायचा. मुंबईच्या एका सल्लागार कंपनीकडे हे काम आलं तेव्हा मी तिथे कंत्राटावर लागलो. माणूस इथला, रस्ते माहीत, भाषा माहीत. त्यांना तेच हवं होतं.

भाषा माहीत. हे लक्षात ठेवा.

माझं गाव वर. पोलादपूर सोडून घाट चढायला लागलं की कुडपणच्या अंगाला आमची वाडी आहे. नाव नाही सांगत. आई मी रांगत होतो तेव्हाच गेली. दादा मुंबईत एका कॅन्टीनला, घरी यायचा तो शिमग्याला नि गणपतीला. मला वाढवलं ते त्याच्या बायकोनं, वैनीनं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. मला ती बाळ्या म्हणायची, आणि माझे केस पांढरे झाल्यावरही बाळ्याच म्हणायची — माझ्या बायकोसमोर, माझ्या मुलांसमोर, गाडीच्या ड्रायव्हरसमोर. मला लाज वाटायची. आता कोणी तसं म्हणत नाही तर त्याचाही त्रास होतो. माणसाचं काय सांगावं!

वैनी म्हणजे वाडीचं एक प्रस्थ. हळदीच्या आदल्या दिवशी वड्यांचं पीठ तिच्या हातचं लागायचं, मग लग्न कोणाचंही असो. सुईण आली नाही तर वैनी, भांडण मिटलं नाही तर वैनी. तोंड असं की गावकीचे बाबाजी — आमच्या वाडीच्या कारभारातले वडीलधारे — तेही तिच्यापुढे जपून बोलायचे. दादा गेला, तिकडेच मुंबईत, तेव्हा सगळ्यांना वाटलं ही आता खचणार. कसली खचतेय! नाचणी लावली, गुरं सांभाळली, मला दम दिला — ‘रडतोस काय बायकासारखा, पाणी आण.’

मग तिला ते सुरू झालं. शिमगा सरला की पाऊस लागेपर्यंत. सकाळी बाई ठणठणीत. दुपार कलली की छाती कोंडायची, डोळ्यांना पाणी, घशात खरखर. पातेरा, म्हणजे वाळला पाला, गोळा करायला रानात गेली की मध्येच खाली बसायची. पावसाळा लागला की पुन्हा काहीच नाही. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. मला कळलं तेही मी एकदा दुपारचा अचानक घरी गेलो म्हणून. ओटीवर भिंतीला टेकून बसली होती आणि तोंडात पदर कोंबला होता — खोकला शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. मला बघून डोळे वटारले. ‘कोणाला बोललास तर याद राख.’

तेव्हा मी विचारलंसुद्धा नाही, का गो लपवतेस? कारण मला ठाऊक होतं. त्या वाडीत जन्मलेल्या कोणालाही ठाऊक असतं. ते सांगतो, पण आधी दुसरं सांगायला हवं. ओझोनचं.

ओझोन म्हटलं की लोकांना वाटतं, तो आभाळात असतो तो, चांगला. तो उंचावरचा, तो आपल्याला राखतो. मी म्हणतो तो जमिनीलगतचा. तो कुठल्याच चिमणीतून बाहेर पडत नाही. कारखान्यांतून उडणाऱ्या रसायनांच्या वाफा आणि ट्रकांचा धूर यांवर कडक ऊन पडलं की वाटेत, हवेतच, तो तयार होतो. दिसत नाही, वासही नाही म्हणण्यासारखा. श्वासातून गेला की छाती आतून जाळतो. दुपारी खाडीकडनं वारा सुटतो, खोऱ्यातनं वर सरकतो, आणि हा त्याच्याबरोबर घाट चढतो. म्हणजे शिजायला ठेवलं खाली आणि पानात पडलं वरच्यांच्या. आणि गंमत — गंमत कसली, कर्म — जिथे ट्रक उभे राहून धूर ओकत असतात तिथे तो ताजा धूरच ओझोनला खाऊन टाकतो. त्यामुळे महाडच्या एस.टी. स्टँडजवळ आमचं यंत्र होतं त्या गच्चीवर ओझोन शहाण्या मुलासारखा मर्यादेत बसलेला. हे मी शोधून काढलेलं नाही. आमच्या धंद्यातल्या कोणालाही हे ठाऊक असतं.

पण ठाऊक असणं निराळं आणि मानणं निराळं. आराखड्याच्या वेळी आम्ही ठिकठिकाणी छोट्या नळ्या टांगल्या होत्या. वीज नाही, काही नाही. नळी काही दिवस टांगायची, मग काढून तपासायला पाठवायची. मी एक आमच्या वाडीतही टांगली, वैनीच्या परसात, जांभळीला. ती म्हणाली, ‘हा ताईत कोणाच्या गळ्यातला रे? झाडाला बांधून काय उपेग?’ आणि स्वतःच हसत सुटली. तिच्या पावट्याच्या वेलाच्या पानांवर तेव्हा बारीक तांबूस ठिपके पडले होते, वरच्या बाजूनं, शिरा सोडून. ती म्हणाली रोग पडलाय. मी पान उलटंपालटं करून बघितलं. ओझोननं पानं अशीच होतात, हे मी शिकलो होतो. पान खिशात घातलं आणि पोलादपूरला उतरल्यावर फेकून दिलं.

का फेकलं? अजून काही ठरवलंही नव्हतं मी तेव्हा. की ठरवलं होतं?

नळ्यांचे निकाल आले. खाली सगळं आलबेल, वर मर्यादेच्या बाहेर. आमचे साहेब पुण्याचे, वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. सगळं त्यांच्यावर ढकलून मी मोकळा होणार नाही. ते म्हणाले, डोंगर, झाडं, गुरं — तिथे कसला ओझोन? नळ्यांना ऊन लागलं असेल, लोक राब भाजतात त्याचा धूर असेल. पण नळ्या फेकून द्या असं नाही म्हणाले. म्हणाले, वर जाऊन लोकांना विचारू. लोकांची श्वासाची, डोळ्यांची तक्रार असली तर नळ्या खऱ्या धरू. वरच्या वाड्या आराखड्यात घेऊ, तिथे कायमचं यंत्र बसवू. तक्रार नसली तर आराखड्याची रेघ घाटाच्या पायथ्याशी. आता यात मेख अशी, की वरच्या वाड्या आत आल्या तर सगळा टापूच मानकाबाहेर जातो. मग कारखान्यांना त्या वाफा कोंडून धरायला लावायचं, नवीन परवाने अडवायचे, आराखडा मुळापासून पुन्हा. रेघ पायथ्याशी राहिली तर टापू मानकात, काम संपलं, सगळे खूश.

‘विचार तूच,’ साहेब म्हणाले. ‘तुझीच माणसं आहेत.’ आणि त्याच दिवशी, चहा पिता पिता, वेगळ्याच बोलण्यात — ‘हे उरकलं की तुझं कायम करण्याचं बघतो मी.’ दोन वाक्यांचा त्यांनी काही संबंध जोडला नव्हता. तो मी जोडला.

आता ते सांगतो, जे ठाऊक असल्याशिवाय माझी लबाडी तुम्हाला दिसणारच नाही.

तुम्ही शहरातले असाल तर हवा म्हणजे हवा. श्वासात जाते ती. हवेचा त्रास म्हणजे दमा, खोकला, धुरकट आभाळ. आमच्या वाडीत हवा म्हणजे ती नव्हे. श्वासात जाते त्याला तिथे कोणी नावच देत नाही. दम लागला, छाती भरली, असं म्हणतात. हवा लागते ती बाहेरची. भर दुपारी, ओढ्याला, ओसाड बांधावर. देवाचं अंगात येतं ते वारं, ते मानाचं. हवा ती वाईट. हवा लागली की माणूस गुदमरतो, डोळे लाल होतात, मधेच बसतो. आणि ज्याला हवेचा त्रास आहे त्यानं पालखीला खांदा द्यायचा नाही, हळदीच्या घरात शिरायचं नाही, लग्नाच्या चुलीला हात लावायचा नाही. कोणी हाकलत नाही हो, आमची माणसं तशी दुष्ट नाहीत. फक्त बोलवत नाहीत. एक बाई होती आमच्याकडे, मी लहान असताना. तिच्या घरावरून जाताना आम्ही पोरं धावत जायचो.

कळलं ना आता वैनी तोंडात पदर का कोंबत होती?

मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो की ती चूक झाली. बोलण्याच्या ओघात. शहरात राहून राहून जिभेला लागलेला शब्द, आणि समोर वाडीची माणसं, घोटाळा झाला. कोणाचाही होईल. किती सोयीचं आहे बघा! आणि वर — मी खोटं तर बोललोच नाही. एक अक्षर खोटं नाही. साहेबांनी सांगितलं विचार, मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं, ते लिहिलं गेलं. कोर्टात उभा केलात तरी सुटेन मी.

नाही. चूक नव्हती ती. पोलादपूरहून जीप घाट चढत होती आणि मी पुढच्या सीटवर बसून तो प्रश्न मनात घोळवत होतो. दुपारचं छातीत कोंडतं का? डोळे चुरचुरतात का? रानात गेल्यावर दम लागतो का? — असं विचारलं असतं तर पाच-दहा हात तरी वर आले असते. एकटी वैनी नव्हती, मला माहीत होतं. किंवा घराघरात जाऊन, चुलीपाशी बसून, बायकांना हळूच विचारलं असतं. तेही सुचलं होतं मला. सगळं सुचलं होतं हो! आणि दुसरा प्रश्नही सुचला होता, लहानसा, साधा. तो मी निवडला. निवडून वर आलो.

लोक देवळात जमले. साहेबांना खुर्ची दिली, नारळपाणी दिलं. पुरुष पुढे, बायका खांबांमागे. सगळी माझीच माणसं. कोणाच्या खांद्यावर मी खेळलोय, कोणाच्या झाडाचे आंबे चोरलेत. मी उभा राहिलो आणि सगळ्या गावकीसमोर, देवासमोर, मोठ्यानं विचारलं —

‘वाडीत कोणाला हवेचा त्रास हाय का?’

सगळं देऊळ गप्प झालं. साहेबांना वाटलं लोक आठवतायत. मला माहीत होतं लोकांना काय वाटलं. बाहेरच्या माणसांना घेऊन आलेला हा आपला पोर, आणि देवळात उभा राहून हे असलं विचारतोय! बाबाजींचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे वळून, गावाची अब्रू सांभाळायच्या आवाजात म्हणाले, ‘नाय साहेब. आमच्या वाडीत कोणालाच तसला त्रास नाय. देवाची नजर हाय आमच्यावर.’ मागून दोन-चार जण — ‘नाय नाय. कोणाला नाय.’ साहेबांनी मान हलवली. पुन्हा एकदा, सावकाश, त्यांनी स्वतः विचारलं, ‘नक्की? बायकांना? म्हाताऱ्यांना? संकोच करू नका.’ भला माणूस. आणखी घट्ट केलं त्यांनी ते, न कळत. साहेबांनी बायकांचं नाव घेतल्यावर तर खांबांमागची एक मान वर आली नाही.

वैनी कडेला बसली होती. उन्हाळ्याचे दिवस, दुपार कलत आलेली. तिला खोकला येत होता आणि ती तो गिळत होती. खांदे हलताना मला दिसत होते. एकदाच तिनं मान वर केली. मला वाटलं होतं ती रागावलेली असेल. नव्हती. घाबरली होती. वैनीला घाबरलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

मी साहेबांना म्हणालो, ‘झालं सर. निघूया?’

रेघ घाटाच्या पायथ्याशी पडली. नळ्यांचे आकडे ‘शंकास्पद’ म्हणून बाजूला गेले. टापू मानकात बसला. खाली वसाहतीत त्यानंतर आणखी शेडा उभ्या राहिल्या, आणि प्रत्येक वेळी कागदावर तेच — या क्षेत्रातली हवा मानकात आहे. मी कायम झालो. महाडात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला वैनी खाली आली, सगळ्यांना वाढलं, बायकोला म्हणाली, ‘माझा बाळ्या लई हुशार. मोठ्या साहेबाला डोंगरात घेऊन आलेला.’

तिथे तरी मी थांबायला हवं होतं की नाही? तुम्हीच सांगा — नको, नका सांगू.

पुढे तिचं वाढत गेलं. उन्हाळ्यातलं दुखणं हिवाळ्यापर्यंत मागे सरकलं. मी तिला महाडला डॉक्टरांकडे आणलं. त्यांनी छाती तपासली, फोटो काढला, आणि विचारलं, राहता कुठे? वर, घाटात, म्हटल्यावर खूश झाले. म्हणाले, मग इथे कशाला ठेवता यांना, या कारखान्यांच्या धुरात? वर न्या, मोकळ्या हवेत बसू द्या, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. आणि मग माझ्याकडे बघून हसत — ‘तुम्ही तर याच कामातले. वरची हवा चांगली ना?’

मी म्हणालो, ‘एकदम.’

एकदम! साधं ‘बरी आहे’ सुद्धा नाही. खाली माझ्या घरात ती दुपारी दार लावून पंख्याखाली पडली असती तरी तिला बरं गेलं असतं, हे मला कळत होतं. निदान दुपारची घरात बस, रानात जाऊ नको, एवढं तरी सांगता आलं असतं. पण ते सांगितलं की का ते सांगावं लागलं असतं. मी तिला गाडीत घालून घाट चढलो आणि परसात जांभळीखाली बाज टाकून दिली. ती उन्हाळाभर दुपारच्या दुपारी तिथे बसायची, कारण बाळ्यानं सांगितलंय, मोकळ्या हवेत बस. तिथे बसून खोल श्वास घ्यायची. डॉक्टरांनी सांगितल्यासारखा, मोजून.

या वर्षी आराखड्याची उजळणी आली. साहेब निवृत्त झालेत. सीमेबद्दलचं टिपण आता माझ्याच सहीनं जातं. वैनी तेव्हा नव्हती. कोणी माझ्या मानेवर बसलेलं नव्हतं, कायम करण्याचं आमिष नव्हतं, काहीच नव्हतं. मी लिहिलं — सीमेत बदल सुचवण्यासारखी परिस्थिती नाही. लिहून जेवायला गेलो. तेव्हा भीती, नोकरी, साहेब, हे जे सगळं मी वर सांगितलं ते तुम्ही हवं तर सोडून द्या. ते नसतानाही मी तेच केलं. आणि वर वाडीत दरवर्षी उन्हाळ्यात मुंबईची माणसं येतात, पोरांना घेऊन, छाती मोकळी व्हायला.

आता शेवटचं. हेच सांगायचं होतं. बाकी सगळं इथवर यायला.

तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी गेलो होतो. आता तिला दोन वाक्यांमध्ये थांबावं लागायचं. ओठ काळवंडलेले. मी बाजेवर बसलो, ती माझा हात धरून म्हणाली, ‘बाळ्या, तू शिकलेला. तू खोटा बोलणार नाय माझ्याशी. खरं सांग — मला हवा लागलेय का रे?’

होय गो वैनी. लागलेय. पण ती नव्हे. — एवढंच म्हणायचं होतं. माझ्या ओठावर आलं होतं, देवाशपथ. उभ्या जगात तिला हे सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो तिच्या बाजेवर बसला होता. पण त्याच्या पुढचं वाक्य काय? तुला कसं ठाऊक, असं विचारणारच ती. मग देऊळ, मग तो प्रश्न. तिच्या डोळ्यांसमोर मी कोण ठरलो असतो?

मी म्हणालो, ‘काय पण बोलतेस! पड जरा.’ आणि नजर वळवली.

ती नजर तिनं बघितली. तिला वाटलं, हा शिकलेला, तोंडानं नाय म्हणतो, पण ह्यालाही दिसतंय. माझ्या चेहऱ्यावर जे होतं ते तिनं तिच्यावर घेतलं. मी निघालो तेव्हा म्हणाली, ‘कळलं रे मला. बाबाजींना सांग, गावकी बसवा. आता लपवत नाय मी.’

मी सांगितलं. हो, मीच जाऊन सांगितलं बाबाजींना.

गावकी देवळासमोर बसली. दादा नाही, मूलबाळ नाही, तेव्हा घरचा पुरुष म्हणून नारळ घेऊन तिच्याशेजारी मी उभा. तिला दोघींनी धरून आणलं. जिच्या हातच्या वड्यांवर अख्ख्या वाडीची लग्नं झाली ती डोक्यावरून पदर घेऊन खाली मातीत बसली आणि हात जोडून, मध्ये मध्ये दम घेत, बोलली.

‘मला हवेचा त्रास हाय. लई वर्सं हाय. मी लपवला... तसल्या अंगानं तुमच्या चुलीला हात लावला... साहेब आले व्हते तवा बाळ्यानं सगळ्यांसमोर इचारलान, हवेचा त्रास हाय का. मी मागं बसलेली. मला व्हता. मी गप ऱ्हायली. देवळात खोटी वागली. माझी चूक पदरात घ्या.’

बायका रडत होत्या. मी नारळ धरून उभा होतो. आताही वेळ होती, नाही का? सगळी तीच माणसं, तेच देऊळ. तोंड उघडायचं, बस. बाबाजींनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग ते उठले, वाकले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. ‘झालं गेलं. वैनी आमचीच हाय. फोड रे नारळ.’

मी फोडला. चांगला निघाला. वैनीनं वर बघून मला हात जोडले, आणि गावानं तिला माफ केलं.